तीन नंबरचा सिलिंडर का गेला, ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी हौसेने घेतलेली १९६८ सालची फोक्सवॅगन कारमान गिया, मागे १५०० सीसीचं एअर-कूल्ड इंजिन. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर आधी ओढ कमी झाली, मग खडखडाट सुरू झाला आणि दोन वळणांनंतर गाडी बंद पडली. गॅरेजमध्ये प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पाहिलं तर तीन नंबरच्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये रुतलेलं. मेकॅनिक म्हणतो, नवा पिस्टन-बॅरल सेट (बॅरल म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) टाकू, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, करून घेऊ, आठ दिवसांत गाडी हातात. प्रश्न विचारणारे कोथरूडला राहतात, बंगल्याखाली बंद गॅरेज आहे, हाताला पान्यांची सवय आहे. इंजिन घरी बांधता येईल का, सुरुवात कुठून करू आणि बाहेर कोणतं काम द्यावं लागेल, असं ते विचारतात.

घरी बांधता येतं. मी गेली तीसेक वर्षं हीच इंजिनं खोलतोय आणि त्यातली पहिली दोन तर सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या पडवीत, साठ वॉटच्या बल्बखाली बांधली. पण मेकॅनिकचा आठ दिवसांचा बेत मला पटलेला नाही. त्यात नवे भाग कोणते टाकायचे ते ठरलंय, जुना भाग का गेला ते कुणी विचारलेलंच नाही. चारपैकी एकच सिलिंडर जळला. पेट्रोल तेच, तेल तेच, चालवणारा तोच. मग तीन नंबरनेच काय घोडं मारलं होतं? याचं उत्तर न शोधता नवा सेट टाकलात तर वर्षभराने त्याच घाटात, बहुतेक त्याच वळणावर, पुन्हा उभे राहाल.

आधी गाडीबद्दल दोन शब्द, कारण त्यावर हिंमत अवलंबून आहे. कारमान गिया १९५५ साली आली. रेखाटन इटलीतल्या गियाचं, बॉडी जर्मनीत ओस्नाब्रुकला कारमानच्या कारखान्यात, आणि खाली सगळं बीटलचं. दिसायला स्पोर्ट्स कार, पण ताकद ४४ अश्वशक्ती. शर्यतीत ती कुणाला हरवणार नाही, मात्र बीटलचं इंजिन असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो आणि इंजिन चार माणसांच्या नव्हे, दीड माणसाच्या कामाचं आहे. हेच काम पोर्श ९११च्या एअर-कूल्ड इंजिनावर करायचं असतं तर मी पहिल्या प्रयत्नाला नको म्हणालो असतो. सहा सिलिंडर, दोन्ही बाजूंना साखळीवर फिरणारे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), तेलाची टाकी वेगळी, आणि दोन्ही कॅमचं टायमिंग डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून मिलिमीटरच्या दशांशात जुळवायचं. तत्त्व तेच, पण चूक महागात पडते. गिया ही शिकायला चांगली गाडी आहे.

आता तीन नंबर. या इंजिनात सिलिंडर आडवे झोपलेले, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. उजवीकडचे एक आणि दोन, डावीकडचे तीन आणि चार. एक आणि तीन फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, टोकावरच्या जड चाकाच्या) बाजूला, म्हणजे गाडीच्या तोंडाकडे. इंजिनाच्या डोक्यावर पंखा, त्याभोवती पत्र्याचं मोठं घर. तुमच्या सालच्या इंजिनात ऑइल कूलर त्या घराच्या आतच, डाव्या बाजूला उभा असतो. पंख्याची हवा आधी त्याच्यातून जाते आणि त्याच्या मागे, त्याच्याच सावलीत, तीन नंबर बसलाय. त्याला हवा कमी मिळते आणि जी मिळते ती तेलाने आधीच तापवलेली. फोक्सवॅगनला हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून अनेक जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागात) तीन नंबरची ठिणगी मुद्दामच काही अंश उशिरा पडते. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावून तीन नंबर पाहिला आणि खूण जागेवर दिसली नाही तर डिस्ट्रिब्युटर झिजलाय असं लगेच ठरवू नका. १९७१च्या मॉडेलपासून त्यांनी कूलर पंख्याच्या घराबाहेर, गाडीच्या तोंडाकडे सरकवून त्याला पत्र्याचं वेगळं घर आणि वेगळी हवा दिली. तुमच्याकडे ते नाही. म्हणजे तीन नंबर जन्मापासूनच काठावर आहे. त्याला ढकललं कुणी, एवढंच शोधायचंय.

हा शोध इंजिन खोलायच्या आधी करायचा, कारण पुरावा पत्र्यांवर असतो आणि खोलताना तो पुसला जातो. मोबाइलने फोटो काढत चला.

पहिली जागा पंख्याच्या घराची. त्याला मागून दोन तोंडं असतात, मनगट आत जाईल एवढी. त्यांतून हीटरला हवा जाते. पुण्यात हीटर कुणाला लागतो? म्हणून कुणीतरी कधीतरी हीटरचे पाइप काढून टाकतो आणि तोंडं उघडीच ठेवतो. पंख्याच्या हवेचा मोठा हिस्सा तिथूनच बाहेर पळतो. माझ्याकडे आलेल्या अशा गाड्यांपैकी निम्म्यांत हीच गोष्ट सापडली आहे. त्यावर पत्र्याची झाकणं बसवायची, चिंधी कोंबायची नाही.

दुसरी जागा इंजिनाभोवतीच्या रबराची. डिकी उघडल्यावर इंजिनाच्या पत्र्यांच्या आणि बॉडीच्या मध्ये रबराची पट्टी दिसली पाहिजे. ती इंजिन-खोलीचे वर आणि खाली असे दोन भाग करते. वरची थंड हवा पंखा ओढतो आणि सिलिंडरवरून तापून ती खाली बाहेर पडते. रबर नसेल तर खालची तापलेली हवा, सायलेन्सरच्या धगीसकट, पुन्हा वर येते आणि पंखा तीच ओढत बसतो. घाटात वेग कमी असतो, गाडीखालून वारा नसतो, तेव्हा हे सगळ्यात जास्त होतं.

तिसरी जागा ऑइल कूलरची. पंख्याचं घर उचललं की कूलरच्या जाळ्यांत काय अडकलंय ते बघा. गाडी वर्षानुवर्षं उभी होती ना? मग उंदराचं घरटं नक्की शोधा. एकदा मला तिथे अख्खा दिवाळी अंकाचा भुगा, शेंगांची टरफलं आणि कापूस सापडला होता. त्या गाडीच्या मालकांनी तेल बदलून बदलून पैसे घालवले होते.

चौथी गोष्ट दिसत नाही, आठवावी लागते. गेल्या वर्ष-दीड वर्षात टॅपेट सेट करताना, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यातलं अंतर लावताना, तीन नंबरच्या एक्झॉस्टचं अंतर दर वेळी कमी झालेलं सापडत होतं का? थंड इंजिनावर ०.१५ मिमीची फिलर पट्टी जायला हवी. झिजलेल्या इंजिनात अंतर सहसा वाढतं आणि टकटक ऐकू येते. अंतर कमी होत असेल तर आवाज येत नाही, उलट इंजिन छान शांत वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. अंतर कमी होणं म्हणजे व्हॉल्व्ह लांबतोय किंवा सीट, म्हणजे तो मिटल्यावर टेकतो ती कडा, आत बसतेय. व्हॉल्व्हची दांडी तापून ताणली जाते आणि ताणलेली दांडी एक दिवस मानेशी तुटते. शिवाय अंतर शून्यावर आलं की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मिटल्यावर सीटला देऊनच गार होत असतो. मिटलाच नाही तर गार कधी होणार? तुमच्या मेकॅनिकने टॅपेट 'घट्ट करून' दिलेले असतील, तर त्यांना न दुखवता विचारून घ्या.

पाचवी गोष्ट मिश्रणाची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) ते चालवलं की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पातळ मिश्रण जास्त तापतं. मुख्य जेट एखादा आकडा मोठा करावा लागतो. याच पेट्रोलने जुने रबरी पाइप मऊ पडून फुटतात आणि या गाड्या आगीत जातात त्या बहुतेक तशाच. सगळे पेट्रोलचे पाइप इथेनॉल चालणाऱ्या जातीचे घ्या आणि कार्बोरेटरमध्ये दाबून बसवलेली पितळी नळी हाताने हलतेय का ते बघा. हलत असेल तर ती बसवून घेतल्याशिवाय गाडी सुरू करू नका. पेट्रोलमधलं शिसं, जे व्हॉल्व्हच्या सीटला जपायचं, बंद झालं म्हणून मात्र काळजी नको. आपल्याकडे शिसेरहित पेट्रोल देशभर आलं २००० साली, आणि या हेडमध्ये सीट कठीण पोलादाच्या वेगळ्या बसवलेल्या असतात.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती तुमच्या हातून होण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. वाड्यात बांधलेल्या पहिल्या इंजिनात मला सिलिंडरच्या खालून दोन वेडेवाकडे पत्रे सापडले. तळहाताएवढे, तेलाने माखलेले, कशालाच धरून नसल्यासारखे. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी बडवून बसवलंय. बाकीच्या भंगारासोबत ते पत्रे किलोवर गेले. इंजिन सुरेख चाललं, दोन महिने. उन्हाळ्यात कात्रज चढताना तीन आणि चार दोघांनी धरलं, म्हणजे पिस्टन तापून बॅरलमध्ये अडकले. ते पत्रे म्हणजे हवा वळवणारे डिफ्लेक्टर. पंख्याची हवा वरून येते, ती सिलिंडरच्या खालच्या अंगालाही चाटून जावी म्हणून ते दोन बॅरलच्या मध्ये खालून अडकवलेले असतात. ते नसले की हवा सरळ खाली निघून जाते आणि सिलिंडरची खालची बाजू कोरडी भाजते. ते हेड बसवण्यापूर्वी अडकवायचे असतात, नंतर आठवले तर सगळं पुन्हा खोला. चेतक स्कूटर ज्यांनी चालवली त्यांना हे पटकन कळेल. त्या इंजिनावरचं पत्र्याचं झाकण काढून कुणी स्कूटर चालवली की ती दहा मिनिटांत धरायची. एअर-कूल्ड इंजिनात पत्रा हाच रेडिएटर असतो. म्हणून खोलताना निघालेला एकही पत्रा, कितीही फालतू वाटला तरी, टाकू नका.

हे सगळं तपासून झालं की इंजिन उतरवा. चार मोठे नट-बोल्ट, पेट्रोलचा पाइप, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, वायरी, हीटरच्या केबली, एवढंच धरून असतं. वजन शंभर किलोच्या आसपास, पण ते खालून निघतं, त्यामुळे गाडी मागून चांगली उंच उचलून लोखंडी घोडीवर (स्टँडवर) ठेवावी लागते. विटांवर नाही. बॅटरी आधी सोडा. आणि हे काम दिवाळी ते होळी या काळात काढा. पावसाळ्यात उघडे बॅरल एका रात्रीत तांबूस होतात आणि मे महिन्यात हातावरचा घाम बेअरिंगवर उमटतो.

सुटे भाग ठेवायला श्रीखंडाचे डबे उत्तम. प्रत्येक डब्यावर झाकणावर नव्हे, अंगावर मार्करने लिहायचं, कारण झाकणं बदलतात. टॅपेट, पुश-रॉड, रॉकर यांची जागा ठरलेली असते, ते नंबरनुसार वेगळे.

केस, म्हणजे क्रँक ज्यात बसतो ते इंजिनाचं दोन अर्ध्यांचं घर, उघडताना एक धीर धरा. मोठे सहा नट आणि कडेचे बारीक नट काढूनही दोन अर्धी सुटत नसतील तर जास्त जोर हे उत्तर नाही. कुठेतरी एक नट राहिलेला असतो, नेहमीच. जोडात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. त्या जोडाला गॅस्केट नसतं, दोन सपाट पृष्ठभाग आणि मध्ये पातळ सीलंट, बस. तिथे एक ओरखडा म्हणजे कायमची गळती.

धुण्याबद्दल. हेड आणि पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. अनेक ठिकाणी भाग कॉस्टिकच्या टाकीत उकळतात. लोखंडाला ते चालतं, अ‍ॅल्युमिनियमला ते खाऊन टाकतं. दुकानदाराला स्पष्ट सांगा, नाहीतर घरीच डिझेल आणि ब्रशने धुवा. केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. तिला पॉलिश पेपर चालतो, ग्राइंडर चालत नाही. मॅग्नेशियमचा कीस पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. गॅरेजमध्ये कोरड्या वाळूची बादली ठेवा. तेलाच्या आतल्या वाटा साफ करायच्या तर टोकांना बसवलेल्या बुचांना भोक पाडून ती काढावी लागतात, आटे पाडून स्क्रूची बुचं बसवावी लागतात. हे टाळू नका. तुमच्या इंजिनात व्हॉल्व्ह तुटून पिस्टनमध्ये घुसलाय, त्यांचा चुरा त्या वाटांत आहे.

आणि तो ऑइल कूलरमध्येही आहे. हे मी मुद्दाम वेगळं सांगतोय, कारण नव्याने बांधलेली इंजिनं यानेच मरतात. कूलरच्या आतल्या बारीक वाटांतून धातूचा चुरा पूर्ण निघतो याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तो पहिल्या सुरुवातीलाच सुटून नव्या बेअरिंगमध्ये जातो. या इंजिनात तेलाला फिल्टर नाही, फक्त जाळी आहे. कूलर नवा घ्या. तिथे काटकसर नको.

आता मोजमाप. भाग परदेशातून येणार, कुरिअर आणि कस्टम्स ड्युटी धरून, म्हणून यादी एकदाच करायची आणि ती मोजल्यावर. क्रँकचे तीन मोठे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) ५५ मिमीचे, चौथा ४० मिमीचा, कनेक्टिंग रॉडचे ५५चे. झीज असेल तर ०.२५ मिमीने ग्राइंड करून तेवढ्या कमी मापाची (अंडरसाइज) बेअरिंग टाकतात. केसमध्ये मधल्या बेअरिंगची बैठक बघा. क्रँक अर्ध्या केसमध्ये ठेवून बेअरिंग बोटाने डोलतंय का? डोलत असेल तर बैठक ठोकून रुंद झालीय आणि लाइन बोरिंग, म्हणजे सगळ्या बैठका एका रेषेत पुन्हा कापणं, लागेल. हेडचे स्टड (हेड धरून ठेवणारे लांब बोल्ट) जिथे केसमध्ये शिरतात तिथले आटे ओढले गेलेत का तेही बघा, गेले असतील तर स्टीलचे इन्सर्ट बसवून घ्या.

मायक्रोमीटर विकत घ्यायची गरज नाही. पुणं आहे हे. दर दुसऱ्या सोसायटीत कुठल्यातरी कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमधून निवृत्त झालेले एक काका असतात, घरात स्वतःचा मायक्रोमीटर लाकडी पेटीत ठेवलेला असतो आणि तो कुणीतरी मागावा याची ते वाट बघत असतात. माझा क्रँक अशाच एका काकांनी मोजला, चहा गार होईपर्यंत प्रत्येक जर्नल चार ठिकाणी, आणि शेवटी मलाच दटावलं की तुम्ही तो उन्हातून आणलात, अर्धा तास थांबायला हवं होतं. बरोबरच होतं त्यांचं.

बाहेर द्यायची कामं तेवढीच: क्रँक ग्राइंडिंग, गरज पडली तर लाइन बोरिंग, हेडचं काम, आणि क्रँकवरचे गिअर प्रेसवर काढणं. भोसरीत ही सगळी होतात. पण जाताना आकडे कागदावर लिहून न्या. 'बघून करा' म्हटलं की ते त्यांच्या सवयीने करतात आणि सवय वॉटर-कूल्ड इंजिनांची असते. तीन नंबरचं हेड मात्र प्लगच्या भोकापासून सीटपर्यंत तडकलंय का ते तपासून घ्या. व्हॉल्व्हने मार खाल्लेलं हेड वेल्डिंग करून वापरण्यापेक्षा मी नवं घेतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर चारही नवे, दिसायला कितीही चांगले असोत.

पिस्टन-बॅरल मूळच्या ८३ मिमीचा घ्या किंवा ८५.५चा, म्हणजे १५८४ सीसी. दोन्ही केस न कापता बसतात. ८८चेही तसे बसणारे मिळतात, ते घेऊ नका. त्यांची भिंत पातळ, तापली की गोलाई सोडते.

बांधणीतल्या दोनच जागांवर मी रेंगाळतो, बाकी दुरुस्तीच्या पुस्तकात नीट आहे. पहिली, बेअरिंगच्या खुंट्या. प्रत्येक मेन बेअरिंग केसमधल्या एका बारीक खुंटीवर बसतं. मधलं दोन तुकड्यांचं, बाकीची अख्ख्या कड्यासारखी. क्रँक ठेवल्यावर भोक खाली जातं, दिसत नाही. म्हणून आधी रिकाम्या केसमध्ये कडं खुंटीवर बसवा आणि केसच्या काठाशी बेअरिंगवर पेन्सिलीने रेघ ओढा. क्रँकसकट ठेवताना रेघ काठाला जुळवा, खाली बसल्याचं बोटाला कळतं. कळलं नाही तर बसलेलं नाही. तसंच आवळलंत तर खुंटी बेअरिंगमध्ये घुसते आणि ते समजतं ते सगळं बंद केल्यावर, क्रँक फिरेना झाल्यावर. कॅमच्या गिअरवरचा एक ठिपका क्रँकच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये आलाय ना, तेही केस मिटण्यापूर्वी दुसऱ्या माणसाला दाखवा. घरातल्या कुणालाही. मोठे सहा नट ३४ न्यूटन-मीटरला आवळा, बारीक २०ला, आणि प्रत्येक दोन नटांनंतर क्रँक हाताने फिरवून बघा.

दुसरी, क्रँकची पुढे-मागे हालचाल. फ्लायव्हीलच्या मागे तीन शिम (पातळ पोलादी चकत्या) बसतात. आधी दोनच घाला, ऑइल सील न लावता, फ्लायव्हील आवळा, डायल लावून क्रँक ढकला-ओढा. समजा ०.४२ मिमी आली. आपल्याला हवी ०.०७ ते ०.१३, आपण ०.१० धरू. म्हणजे तिसरा शिम ०.३२चा. तिन्ही शिम वेगवेगळ्या जाडीचे चालतात, पण शिमच्या जागी कागदी गॅस्केट किंवा घरी कापलेला पत्रा चालत नाही. मग सील, मग फ्लायव्हील, मग पुन्हा एकदा मोजणं. फ्लायव्हीलचा नट ३०० न्यूटन-मीटरला आवळतात. एवढा टॉर्क रेंच नसेल तर एक मीटर लांब पाइपच्या टोकाला तीस किलोचा जोर, म्हणजे तेवढाच. काटा लावून बघितलेला तीस किलो, अंदाजाचा नाही.

नंतरचं पटापट. पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे. पिस्टनची रिंग बॅरलमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधली फट मोजा, वरच्या दोन्हींना ०.३० ते ०.४५ मिमी. डिफ्लेक्टर. पुश-रॉडच्या नळ्या ओढून १९० मिमीच्या थोड्या वर लांब करा, जोड वरच्या बाजूला. हेडचे नट आधी सगळे हलके, मग क्रमाने ३२ न्यूटन-मीटर. पत्रे, एकूण एक. पंख्याच्या घरातल्या झडपा आणि त्यांचा थर्मोस्टॅट पुण्यात काढून टाकावा असं बरेच जण म्हणतात. मी ठेवतो. त्या झडपा हवा वळवतातही. मात्र गंजून मिटल्या जागी अडकल्या नाहीत ना, हे हाताने हलवून बघा.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून स्टार्टर मारा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. तेल अडीच लिटर. टायमिंग इंजिन बंद ठेवूनच लावा, तारेला बल्ब जोडून, पिस्टन टोकाला पोचण्याच्या ७.५ अंश आधी, फायरिंग ऑर्डर (ठिणगीचा क्रम) १-४-३-२. सुरू झालं की आयडलवर सोडू नका, कौतुकाने बघत बसायचा मोह होतो तरीही. नवा कॅम आणि टॅपेट एकमेकांना रुळायला वीस मिनिटं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर फिरते ठेवावे लागतात, कारण आयडलला त्यांच्यावर तेल पुरेसं उडत नाही. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि दुपारी एक ते चारमध्ये तर नकोच. पंखा आणि जनरेटर एकाच पट्ट्यावर फिरतात, म्हणून तो तुटला तर डॅशबोर्डवर जनरेटरचा लाल दिवा लागतो. तो दिवा दिसला की घरापर्यंत जाऊ असं म्हणायचं नाही, तिथेच बंद.

वडिलांना पहिल्या फेरीला न्यायचंय असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या नको. आधी तुम्ही एकटे सपाट रस्त्यांवर पाचशे किलोमीटर करा. मग तेल बदला, जाळी काढून तिच्यात काय आलंय ते पांढऱ्या कापडावर पसरा, आणि सकाळी इंजिन पूर्ण गार असताना टॅपेट तपासा. आठही आकडे लिहून ठेवा. तीन नंबरच्या एक्झॉस्टला ०.१५ची पट्टी पहिल्यासारखी गेली तर वडिलांना घेऊन खंबाटकी चढा. आणि ०.१५ जात नसेल, ०.१०च जात असेल, तर टॅपेट सैल करून मोकळे होऊ नका, आधी मला ते आठही आकडे पाठवा.